जास्तीची चिमूट

बस गं वर्षाली, आधी बस. दारातूनच सुरू केलंस — ताई, दोन वाक्यं बोला, ‘नाव चुकून आलं, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर माफ करा’ — की मी लगेच टाकते म्हणे. टाकशील, टाकशील. अण्णासाहेबांच्या घरचं लग्न संध्याकाळचं, त्यांनी तुला सकाळी सकाळी माझ्याकडं पिटाळलंय, तुझी घाई कळतेय मला. पण कालचा हळदीचा कार्यक्रम तू ठरवलेला, मला बोलावलंस तू, मग मला काय वाटलं होतं आणि तिथं काय निघालं, ते तरी ऐकशील का नाही? चहा टाकलाय. पितेस ना? पी.

मला वाटलं होतं, गायचंय. हसतेस काय? खरंच वाटलं होतं. तुझा फोन आला — ‘दीपमालाताई, कुरुळीला अण्णासाहेबांच्या ज्ञानेशची हळद आहे, त्यांना तुमचंच गाणं पाहिजे’ — आणि मी इकडं एकटीच खूश. म्हटलं, चला, कुणीतरी अजून पेन ड्राइव्ह सोडून माणूस मागतंय. आणि घर कुणाचं, तर चिमाबाईंचं! ज्ञानेशची आजी गं, अण्णासाहेबांची आई — ती म्हातारी, जिला तुझी पोरं काल ‘आजी, जरा साइडला, फ्रेममध्ये येताय’ म्हणत होती. त्यांच्या घरच्या लेकींच्या हळदी मी गायलेय. तेव्हा हा बंगला नव्हता, त्यांच्या वावरात कंपनीची शेडही नव्हती. अंगणात मांडव, ताडपत्रीवर आम्ही बसलेलो, एक माइक आणि तोही खरखरणारा. उन्हं उतरली की सुरू करायचं ते जेवणाच्या पंगती उठेपर्यंत. तेच डोक्यात घेऊन बसले ना मी! गार पाणी बंद, दही बंद, मिठाच्या गुळण्या. आणि समाधान — माझा धाकटा भाऊ, ढोलकीवाला, बघितलास तू काल — त्यानं चाकणच्या कंपनीतली शिफ्ट दुसऱ्याच्या गळ्यात मारली, ओव्हरटाइम सोडला, माळ्यावरची ढोलकी उतरवली, दोऱ्या ओढल्या, पुसून पुसून चकचकीत केली. वाजवायला मिळणार म्हणून. लग्न त्याचंच असल्यासारखा निघाला गडी. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये रिक्षा अडकली तर मांडीवर बोटं वाजवत बसला, म्हणतो कसा, ‘आक्का, आज पहिल्यापासून चढं धरायचं का?’

आणि तिथं काय? लॉनवर तो एवढा मोठा एलईडीचा पडदा, त्यावर ज्ञानेश आणि नवरी कुठल्यातरी किल्ल्यावर पळतायत, डीजेच्या पेट्यांचे मजल्यावर मजले, धुराचं मशीन, आणि तू हातात वॉकीटॉकी घेऊन — ‘ताई, तुमची एंट्री आहे.’ म्हटलं, एंट्री म्हणजे गं? म्हणालीस, धूर सुटेल, त्यातून तुम्ही यायचं, गाणं वाजेल, तुम्ही ओठ हलवायचे, मागून नवरदेव नाचत येईल, कट. म्हटलं, आणि मग? — ‘मग झालं, ताई.’ तीस सेकंद! अगं, तीस सेकंदांत माझा पदर नीट होत नाही. म्हटलं, माझ्या ढोलकीवाल्याचं काय? तर तू समाधानकडं असं बघितलंस, जसा काही कुणी लग्नात गॅसचा सिलिंडर घेऊन आलाय. वाईट नाही बोललीस हां काही, तुझं तसं नाही, ते माहितेय मला. ‘दादा, तुम्ही जेवून घ्या’ म्हणालीस. तो बिचारा हो म्हणाला आणि रिक्षात जाऊन बसला, ढोलकी मांडीवर घेऊन. जेवला नाही. वाजवल्याशिवाय जेवायची त्याला सवय नाही.

तरी मी केलं. करणार नाही तर काय, आता सगळीकडं हेच. धूर नाकात गेला, खोकले, तू म्हणालीस पुन्हा. पुन्हा केलं. माइक हातात, पण मेलेला माइक, नुसता धरायला. आणि वर माझं गाणं. माझं म्हणायचं आपलं! ते कसं झालंय, तुला माहितेय का? निगडीत एका फ्लॅटच्या बेडरूममध्ये, भिंतीला गाद्या टेकवून, पंखा बंद करून, घामाच्या धारांत गायलेलं गाणं आहे ते. चॅनलवाला म्हणाला होता, ताई, नाव होईल तुमचं. झालं की — खाली बारीक अक्षरांत होतं काही दिवस. मग याचं त्यानं उचललं, त्याचं तिसऱ्यानं, नाव गळून पडलं वाटेत कुठंतरी. चांगलं मोठं गाणं गं, जात्यावरच्या हळकुंडापासून मामाच्या फेट्यापर्यंत सगळं त्यात होतं. त्यातलं कुणीतरी मधलंच कापलं, नाचायला बरं पडावं म्हणून पळवलं, आणि माझा आवाज झाला शाळेतल्या पोरीसारखा. किणकिण किणकिण. आणि तेच चाललं! तेच! हजारो लोकांच्या हळदी झाल्या त्याच्यावर. दुबईतल्या एका बाईनं खाली लिहिलं होतं, माझ्या लग्नात माझी आई नव्हती, हे गाणं लावलं आणि ती आल्यासारखी वाटली. वाचून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू? इंटरनेटनं काही दिलं नाही असं मी नाही म्हणणार. माणसं दिली ना, एवढी माणसं आम्हाला ऑर्केस्ट्राच्या टेम्पोतून जन्मभर फिरून नसती मिळाली. फक्त त्या माणसांना मी माहीत नाही. माझ्या गल्लीतली पोर माझ्या गाण्यावर नाचून व्हिडिओ टाकते आणि मलाच विचारते, काकू, तुम्ही पण गाता ना काहीतरी?

हां, तर ओठ. ते पळवलेलं गाणं, त्याच्या मागं माझे ओठ कसे पळणार? मी श्वास घ्यायला थांबले की ती वरची पोरगी पुढं निघून गेलेली. तिला श्वासच लागत नाही ना! आणि समोरून एक टोळकं — ‘ए, ही ती न्हाईच! डुप्लिकेट हाय! गाण्यातली पोरगी केवढीशी हाय!’ तुझाही चेहरा पडला तेव्हा, बघितलं मी. मग त्या डीजेवाल्यानं माझ्या हातात चालू माइक दिला. ‘ताई, म्हणून दाखवा लाइव्ह, तोंडं बंद करा यांची.’ मी म्हटलं. माझ्या पट्टीत, काळी चारमध्ये, आता त्याच्या वर मी जात नाही — सावकाश, जसं ते आहे तसं. चांगलं लागलं होतं गं काल, खरंच चांगलं लागलं होतं. तर एकजण ओरडतो, ‘काकू, हे सॅड व्हर्जन हाय का?’ सगळे हसले. मीही हसले. मोबाइलमधलं खरं आणि मी उभी आहे ती नक्कल — यावर भांडायचं कुणाशी? डीजेवाल्यानं हळूच माइक काढून घेतला. चांगला मुलगा आहे, ‘सॉरी ताई’ म्हणाला.

आणि हे माझ्या एकटीचंच नाही हां. आमच्या पार्टीत कीबोर्ड वाजवायचा तो सिद्धेश, त्याचं आता मोबाइलचं दुकान आहे, लोकांना गाणी भरून देतो. समाधानचं तर काय सांगू! एक ऑक्टोपॅडवाला पोरगा आला होता घरी, म्हणाला, मामा, नुसता एकेक ठोका द्या ना वेगवेगळा, रेकॉर्ड करून ठेवतो, शिकायला. यानं दिला. कौतुकानं दिला, बोट कसं टेकवायचं तेसुद्धा सांगितलं, चहा पाजला वर. ते ठोके पॅडमध्ये भरले त्यानं, त्याचं म्हणे पॅच झालं, ते पॅच या ग्रुपवरून त्या ग्रुपवर गेलं. मागच्या सीझनला मोशीत एका वरातीत आम्ही रस्त्याच्या कडेला उभे, तर समाधान एकदम माझा दंड धरून म्हणतो, ‘आक्का, ही माझी ढोलकी आहे.’ ढोलकी कुठंच नव्हती. एक पोरगं काठ्यांनी रबरावर मारत होतं आणि माझ्या भावाची बोटं वाजत होती. मग माणसांनी आम्हाला बोलवायचं कारणच काय उरलं? सांग ना. एकच उरलं होतं. ते पेन ड्राइव्हला येत नव्हतं, म्हणून उरलं होतं. तेच काल...

सांगते. त्याच्यासाठीच आलीयेस तू.

डीजे जेवायला थांबला ना, तेव्हा चिमाबाईंनी एका मुलीला पाठवलं — गाणारनीला आत बोलवा. मी समाधानला रिक्षातून उठवलं. आत हॉलमध्ये पाट मांडलेला, ज्ञानेशला बसवलेलं, आजूबाजूला घरच्या बायका. चिमाबाई मला बघून म्हणतात, ‘त्या धुरात माझ्या नातवाला हळद कुठं लागली? हळद हितं लागती. बस.’ आणि समाधानला, ‘ढोलकीवाल्या, तूबी बस. तुझा बाप इतकं गोड वाजवायचा.’ झालं, समाधानचा चेहरा असा फुलला! तुम्ही कार्यक्रमवाल्यांनी ते शूट केलं नाहीत. ते करायचं.

आता त्यांच्या घरातली पद्धत तुला ठाऊक नसेल. थोरली बाई हळदीचं ताट घेऊन बसते. एकेका नातलगाची एकेक चिमूट ताटाच्या कडेला काढायची, गाणारीनं त्याचं नाव गाण्यात गुंफायचं, नाव आलं की ती चिमूट नवऱ्याला लावायची. म्हणजे त्या माणसाची हळद लागली. मग माणूस तिथं असो नसो. मिलिटरीतला मामा, दवाखान्यात पडलेली मावशी, वारलेला चुलता, सगळ्यांची लागते. नाव आलं की लागते, नाही आलं की नाही लागत. म्हणून आमचं अर्धं काम गळ्याचं आणि अर्धं कानाचं. आधी जाऊन विचारून घ्यायचं — कुणाचं नाव आधी, कुणाचं मग, कुणाचं वाटणीवरून फाटलंय, कोणती जाऊ दुसरीच्या मागं आली तर ताटावरून उठून जाईल. एका हळदीत मी दोन साडूंची नावं एकाच ओळीत घेतली होती, बरोबर अर्ध्या-अर्ध्या मात्रेवर, दोघांनाही वाटलं आपलंच आधी आलं! असं करावं लागतं. आणि जे आत म्हटलं ते आतच राहायचं. दुसऱ्या दिवशी कुणी फणकारून म्हणालंच, तू अमकीचं नाव का घेतलंस, तर म्हणायचं, छे हो, तुम्हाला तसं ऐकू आलं, ढोलकी मोठी होती. संपलं. गाणं हवेत विरलं, भांडणही विरलं. ही सोय होती गं आमच्या कामात. चार घरं त्या सोयीवर जुळून राहायची.

काल मी बसले, सुरू केलं, आणि बघते तर दाराशी तू. ज्ञानेशचा फोन असा उभा धरून. लाइव्ह.

नाही, तुला दोष देत नाही मी. तुला तेच काम दिलेलं. ज्ञानेशनंच सांगितलं असेल, आजीची हळद पण दाखव म्हणून. आणि ते नुसतं फोनवर नाही, बाहेर पडद्यावरसुद्धा चाललेलं, सगळ्या लॉनला दिसत होतं — ते मला कुठं माहीत? ... बरं. पुढं ऐक.

नावं चालली. मामा झाले, आत्या झाल्या, काका झाले. समाधान काय वाजवत होता काल! बायका डोलायला लागल्या, चिमाबाईंची मान हलतेय. आणि शेवटी ते नाव आलं. अंजलीचं. आलं म्हणजे — घेतलं मी.

ज्ञानेशची सख्खी थोरली बहीण. तू नवीन, तुला कुणी सांगितलं नसेल, त्या घरात तिचं नाव काढायची सोयच नाही. पत्रिकेत नाही, भिंतीवरच्या फोटोत नाही. चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होती, तिथं आमच्या संत तुकाराम नगरातल्या मुलाशी जमलं, कोर्टात लग्न केलं. आमच्यातला मुलगा. समजलं ना, आमच्यातला म्हणजे? त्याच्या घरी बाबासाहेबांचा फोटो आहे, जसा इथं वर आहे तसा. अण्णासाहेब म्हणाले, मला एकच मूल, ज्ञानेश. तेव्हापासून बंद. ती पोरगी लहानपणी प्रत्येक हळदीला माझ्या मांडीला मांडी लावून बसायची गं! फ्रॉक घालून. मी ओळ म्हटली की मागून ती ओढायची, सूर पक्का. मी चिमाबाईंना म्हणायचे, ही मला देऊन टाका. त्या म्हणायच्या, ‘ने की, खाती लई.’

नाव आलं तसं ज्ञानेशनं डोळे उघडले. एवढा वेळ मिटून बसला होता. हातानं पाटाची कड घट्ट धरली. ते तुझ्या फोनात नाही आलं. आणि गालावर हळद लागली ती...

कुणी लावली म्हणजे? कुणीतरी लावली. तू माझं तोंड घेत होतीस ना फोनमध्ये, ताट नव्हतं त्यात. होतं? नाही ना? बघितलंस पुन्हा नीट? मग झालं तर.

हे बघ, चिमाबाईंनी सांगितलं नाही मला काही. एक अक्षर बोलल्या नाहीत. सगळ्या चिमटी संपल्या, मी गाणं खाली आणायला घेतलं, आणि त्यांनी ताटाच्या कडेला आणखी एक चिमूट ठेवली. मी बघितलं त्यांच्याकडं. म्हटलं असेल कुणी राहिलेलं. भुवई वर केली मी, कुणाची? तर त्या दुसरीकडंच बघतायत. पण बोट होतं चिमटीवर. बोट उचललं नाही त्यांनी, वर्षाली. पोटच्या पोराच्या घरात बसून ती बाई नातीचं नाव तोंडातून काढू शकत नव्हती, म्हणून तिनं माझ्यापुढं चिमूट ठेवली. मग मी काय करायचं होतं? डीजेला सांगायचं होतं, पुढचं गाणं लाव?

थांब. तो फोन कुठंय तुझा? इकडं दाखव. ... हं. बंद आहे. ठेव पालथा. असाच राहू दे. हे मी तुला सांगायला नको होतं. आता सांगून बसलेय, तर पोटात ठेव. अण्णासाहेबांना कळलं तर त्या म्हातारीला या वयात ताटावर बसून टोमणे खावे लागतील, आणि तू आणि मी दोघीच त्याला कारण असू. मान हलवू नको नुसती, ठेव म्हणजे ठेव.

मग काय, तुला माहितीच आहे. बाहेर पडद्यावर नाव घुमलं, सगळ्या भावकीनं ऐकलं, नवरीकडचे मोबाइल काढून एकमेकांना विचारायला लागले, ही अंजली कोण? अण्णासाहेब आत आले. त्यांनी आवाज नाही चढवला, ते मोठ्या माणसासारखेच बोलतात. म्हणाले, ‘बास झालं गाणं.’ आणि मग जवळ येऊन, फक्त मला — ‘तुमच्या लोकांनी एक नेली. आता आमच्या घरात नावबी घुसवताय व्हय?’ समाधानची बोटं ढोलकीवरच राहिली. मी त्याला म्हटलं, चल. निघालो.

तुमच्या लोकांनी! मी माझ्या घरी माझी वंदना म्हणते, आणि त्यांच्या घरी त्यांच्या देवांची नावं घेते, इतकी वर्षं घेतेय, कधी एक नाव खाली-वर झालं नाही. त्यांच्या देवाला माझा आवाज चालला. पोरीचं नाव घ्यायला चालला नाही.

आता तू म्हणशील, ताई, म्हणूनच म्हणते, चुकून झालं म्हणून मोकळ्या व्हा. म्हातारीही सुटते, तुम्हीही सुटता. बरोबर आहे तुझं. मी विचार केला नसेल असं वाटतं तुला? मोशीपासून चाकणपर्यंत सगळी हळदीची घरं त्यांच्या नात्यातली नाहीतर ओळखीची. एका फोनात माझा सीझन जाईल, धुरातल्या एंट्र्यासुद्धा जातील. सकाळी उठल्या उठल्या मी आरशापुढं उभं राहून म्हणून बघितलं — ‘नाव चुकून आलं.’ जीभ अडखळेल असं वाटलं होतं. अडखळली नाही गं. सुरळीत निघालं. ओठ हलले आणि झालं. भीती वाटली मला त्याची, खरं सांगते. सवय लागली की काय याची, म्हटलं.

तेवढ्यात फोन आला. अंजलीचा. नंबर नव्हता माझ्याकडं, तिनंच कुठून मिळवला. ‘काकू’ म्हणाली. मागं लहान मूल किरकिरत होतं. मग म्हणते, ‘लाइव्ह मी बघत होते. ज्ञानेशचं सगळं मी बघते, दुसऱ्या नावानं.’ म्हटलं, बरं केलंस. तर म्हणते, ‘मला एकच सांगा. माझी हळद लागली का त्याला? का तुम्ही नुसतं नाव घेतलं?’ आणि पुढं म्हणाली, ‘लागली असेल तर मी संध्याकाळी येते. मांडवात नाही येणार, गेटापाशी उभी राहीन, तो घोड्यावरून जाताना बघेन. नसेल लागली तर नाही येत, मला कुणाच्या चुकीवर यायचं नाही.’

तिला काय सांगितलं असेल मी? सांग तूच.

आणि आता तू तो लाइट लावून बसणार, मी त्यात ‘चुकून’ म्हणणार, तू टाकणार, आणि गेटापाशी पोहोचायच्या आत ते तिच्या फोनवर वाजणार. पळवूनसुद्धा वाजवतील कुणी, गंमत म्हणून. चुकून, चुकून, चुकून.

आणि खरं सांगू का, सांगतेच आता, एवढं सांगितलंय तर. मघाशी मी म्हटलं ना, पडद्यावर चाललंय ते मला माहीत नव्हतं? माहीत होतं. पाटाच्या मागं ती मोठी काचेची खिडकी आहे बघ. तिच्यातून लॉन दिसत होतं. मी आत गात होते आणि बाहेर एवढीच्या एवढी मी, जरा मागून, तीच ओळ म्हणतेय — आणि पहिल्यांदाच गं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पडद्यावरच्या त्या बाईचा आवाज माझाच होता. पळवलेला नाही, कापलेला नाही. काळी चार. मी चिमटीकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, आणि म्हटलं, जाऊ दे लांबपर्यंत. माझं सगळं त्या इंटरनेटनं विचारल्याशिवाय नेलं, एकदा मीही त्याला काहीतरी न्यायला देते. कुठं असेल ती पोरगी तिथं पोचव म्हटलं. शुद्धीत म्हटलं, वर्षाली. तोंड उघडायच्या आधी म्हटलं. त्याला चुकून कसं म्हणू?

समाधानला विचारलं मी सकाळी. त्याचंही पोट आहे या कामावर थोडंफार, विचारायला हवं. तो बूट घालत होता. म्हणाला, ‘आक्का, काल आपण वाजवलं. सहा महिन्यांनी वाजवलं.’ एवढंच. कंपनीत गेला.

तेव्हा मी अण्णासाहेबांना फोन केला. तू यायच्या आधीच, हो. म्हणून तर म्हटलं, बस आधी. मी त्यांना म्हटलं, नाव मी घेतलं, माझ्या मनानं घेतलं, घरातल्या कुणी सांगितलं नाही, आणि चुकून घेतलेलं नाही, माफीचा व्हिडिओ मी करणार नाही. ते म्हणाले, ‘मग या पट्ट्यात कुठं गाता, बघतोच.’ मी म्हटलं, बघा. माझाच आवाज मला ऐकू आला, थकलेला होता, पण पट्टी सोडली नव्हती त्यानं. आणि त्यांनी फोन लगेच ठेवला नाही बरं का. धरून ठेवला होता. मग म्हणाले, ‘ती बघत होती का?’ मी म्हटलं, हो. मग ठेवला.

आता एवढं सगळं ऐकून तू पुन्हा माझ्याकडं त्याच डोळ्यांनी बघू नको. तुझं काम जाईल, ठाऊक आहे; सांग त्यांना, दीपमालाबाई ऐकतच नाही, चिवट आहे. खोटं नाही ते. चहा गार झाला, राहू दे, ओतते मी. ऊठ. आज आमच्याकडं पाण्याचा दिवस आहे, नळ जाईल, आणि हंडे अजून रिकामेच आहेत. जा बाई, जा.